पॉइंट फोर्टी काडतूस: एक परीक्षण
१९८६ मध्ये मायामीत दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीनंतर एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेचा ९ मिमी काडतुसावरचा विश्वास उडाला, पण त्याहून जोरदार १० मिमी काडतुसाचा गोळी सुटतानाचा धक्का अनेकांना झेपेना. तेव्हा १९९० मध्ये स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर या शस्त्र-काडतूस कंपन्यांनी त्याच १० मिमीची पितळी पुंगळी आखूड करून हे पॉइंट फोर्टी (०.४० इंच व्यासाच्या गोळीचे) काडतूस आणले. ९ मिमीच्या आकाराच्या पिस्तुलातून अधिक जाड गोळी झाडता येते, हा त्याचा खरा गुण. मात्र चाप ओढताच नळीचे तोंड झटक्याने वर उसळते, दुसरा नेम साधायला उशीर होतो आणि ९ मिमीच्या ग्लॉक १७ पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये १७ गोळ्या मावतात, तिथे पॉइंट फोर्टीच्या ग्लॉक २२ मध्ये १५ च. पुढे आघाताने फुलणाऱ्या गोळ्यांची रचना सुधारली आणि एफबीआयही ९ मिमीकडे परतली. काडतूस टाकाऊ मुळीच नाही; तरीही नवशिक्याला मी ९ मिमीच सुचवेन.