परदेशातली तीन माणसं ईओआरमार्फत नोकरीवर ठेवली, ११ महिन्यांनंतरचा अनुभव

बरेच दिवस लिहायचं मनात होतं पण एक डिसेंबर पार पडल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण या कामाची खरी परीक्षा डिसेंबरात होते, ते खाली येईलच. आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे आणि गेल्या फेब्रुवारीपासून तीन जण आमच्यासाठी तीन देशांतून काम करतायत, पोर्तुगालमध्ये एक डेव्हलपर, जर्मनीत एक टेस्टर आणि फिलिपिन्समधून कस्टमर सपोर्ट बघणारी एक सहकारी. या तिन्ही देशांत आमचं ऑफिस नाही, कंपनी रजिस्टर केलेली नाही, म्हणून एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड म्हणजे ईओआर सर्व्हिस घेतली. सोप्या शब्दांत सांगायचं तर त्या त्या देशात ज्यांची कंपनी आधीपासून आहे ते कागदोपत्री मालक होतात, करार त्यांच्या नावाने होतो, पगार, टॅक्स, सोशल सिक्युरिटी सगळं ते भरतात, काम मात्र माणूस आपलं करतो, आणि आपण त्यांना महिन्याला सगळा खर्च अधिक त्यांची फी असं बिल भरतो. सर्व्हिसचं नाव लिहीत नाही.

याआधी पोर्तुगालवाला दीड वर्ष आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टर होता. तो इनव्हॉइस पाठवायचा, आम्ही बँकेतून स्विफ्टने पैसे टाकायचो, आणि दर महिन्याला त्याच्या हातात थोडे कमीच पडायचे. कारण चार्जेस शेअर्ड ठेवले की मधली बँक आपला वाटा कापून घेते आणि तो किती ते आधी कळत नाही. त्याने कधी तक्रार केली नाही, आम्हालाच सहा महिन्यांनी एकदा हिशोब जुळवताना दिसलं, आणि खूप वाईट वाटलं. मग सगळे चार्जेस आम्ही भरायचा ऑप्शन निवडायला लागलो. पण मोठी अडचण वेगळीच होती. पूर्ण वेळ काम फक्त आमचं, वेळ आम्ही ठरवलेली, लॅपटॉप आमचा, सुट्टी आम्हाला विचारून, मग तो कॉन्ट्रॅक्टर कसला? बहुतेक देशांत कोर्ट कागदावर काय लिहिलंय त्यापेक्षा प्रत्यक्षात काम कसं चालतं ते बघतं. २०२१ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने उबरचे ड्रायव्हर स्वतंत्र धंदेवाले नसून वर्कर आहेत असं म्हटलं तेही याच आधारावर. आमच्या डोक्यात मात्र कोर्टापेक्षा त्याचं आजारपण आणि पेन्शन होतं, दीड वर्ष त्याला यातलं आमच्याकडून काहीच मिळत नव्हतं.

आता पैशाचं, कारण सगळ्यात मोठी चूक आम्ही इथेच केली. पोर्तुगालवाल्याला महिना ३,००० युरो ग्रॉस, म्हणजे कपातीच्या आधीचे, ठरवले आणि बजेटमध्ये लिहिलं ३,००० गुणिले १२, म्हणजे ३६,०००. पोर्तुगालमध्ये वर्षाचे पगार १४ असतात, एक सुट्टीचा आणि एक ख्रिसमसचा जादा, हा बोनस नाही, कायद्याने द्यावाच लागतो. म्हणजे ४२,०००. त्यावर मालकाची सोशल सिक्युरिटी २३.७५ टक्के, म्हणजे आणखी ९,९७५. झाले ५१,९७५, आणि कामावरच्या अपघाताचा विमा सक्तीचा तो वेगळा, ईओआरची फी वेगळी. ३६ हजार धरून चाललो होतो आणि ५२ च्या पुढे गेलो. सर्व्हिसच्या वेबसाइटवर कॅल्क्युलेटर होता, त्यात हे सगळं बरोबर दाखवलं होतं, फक्त आम्ही तो ऑफर दिल्यावर उघडला. त्यामुळे यात त्यांना दोष देत नाही. तुम्ही मात्र माणसाशी आकडा बोलायच्या आधी एकूण खर्चाचा कागद मागवा, आणि बोलताना ग्रॉस वर्षाचा की महिन्याचा, १२ ने की १४ ने, हे त्याच्याशी स्पष्ट करा, नाहीतर तो एक समजतो आणि आपण दुसरं. त्याच्या स्वतःच्या पगारातून ११ टक्के सोशल सिक्युरिटी आणि वर इन्कम टॅक्स जातो, त्यामुळे कॉन्ट्रॅक्टर असताना दिसायचा त्यापेक्षा खात्यात येणारा आकडा वेगळा असणार हेही आधीच बसून समजावून सांगायला हवं होतं, आम्ही ते पहिल्या पगारानंतर सांगितलं.

जर्मनीचा पहिला पगार तर मी विसरणार नाही. टेस्टर नुकतीच त्या देशात राहायला आली होती. तिकडे पत्ता रजिस्टर केला की टॅक्स नंबर पोस्टाने घरी येतो, त्याला वेळ लागतो. तिचा नंबर आला, तिने ईओआरच्या ॲपमध्ये टाकलासुद्धा, पण त्यांच्या पेरोलवाल्यांपर्यंत, म्हणजे पगाराचा हिशोब करणाऱ्यांपर्यंत, तो महिन्याच्या कटऑफनंतर पोचला. जर्मनीत पगारावरच्या टॅक्सचे १ ते ६ असे क्लास असतात आणि नंबर नसेल तर क्लास ६ लागतो, ज्यात कपात सगळ्यात जास्त. एकट्या माणसाला खरा लागतो क्लास १. तिच्या हातात आलेले पैसे अपेक्षेपेक्षा इतके कमी होते की घराचं भाडं आणि डिपॉझिट भरायचं कसं असा प्रश्न तिला पडला, नवीन देशात पहिल्याच महिन्यात. तिने मला मेसेज केला तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ होती आणि सर्व्हिसच्या सपोर्टकडून उत्तर आलं सोमवारी, तेही "पुढच्या पेरोलमध्ये ॲडजस्ट होईल" एवढंच. ते झालंही, जास्त कापलेलं पुढच्या पगारात परत मिळालं. पण मधला महिना तिने कसा काढायचा? आम्ही भांडून त्यांच्याकडून पगारावर ॲडव्हान्स द्यायला लावला, तो पाच दिवसांनी मिळाला. माझा या सर्व्हिसवरचा सगळ्यात मोठा राग हाच आहे. आकडा चुकणार हे त्यांच्या पेरोलवाल्याला पगाराच्या दहा दिवस आधी दिसत होतं, एक फोन केला असता तर तिला पैशाची सोय करता आली असती.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतलीय, पगाराच्या आधी तिघांच्याही ड्राफ्ट पेस्लिप मागवतो आणि ज्याची त्याला पाठवून नजर टाकायला सांगतो. दोनदा चुका आधीच सापडल्या. जर्मनीच्या स्लिपवर एकदा चर्च टॅक्स लागला होता, तिकडे नोंदणीकृत चर्चच्या सभासदांकडून तो पेरोलमधूनच कापतात, इन्कम टॅक्सच्या ८ किंवा ९ टक्के, राज्यावर अवलंबून. ती सभासद नाही, कुणीतरी फॉर्ममध्ये चुकीचा रकाना भरला होता. मला नुसती स्लिप बघून हे कधीच कळलं नसतं, तिला एका मिनिटात कळलं.

आजारपणाबद्दल मात्र चांगलं सांगतो. सप्टेंबरात ती तीन आठवडे आजारी होती, जर्मनीत पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो, मग हेल्थ इन्शुरन्सकडून पैसे सुरू होतात. ईओआरच्या एका जुन्या ऑटोमॅटिक मेलने तिच्याकडे डॉक्टरचा दाखला मागितला खरा, २०२३ पासून तो मालकाने इन्शुरन्सकडून ऑनलाइनच घ्यायचा असतो, पण त्यांच्या स्थानिक ऑफिसातल्या बाईंनी त्याच दिवशी फोन करून "तुम्ही काही पाठवू नका, बरं व्हा" असं सांगितलं. पगार एक सेंट कमी न होता आला. अशी एक माणूस तिकडे बसलेली असणं यासाठीच फी द्यावीशी वाटते.

फिलिपिन्सचं वेगळं. आमचे ग्राहक ज्या वेळेला जागे असतात त्या वेळेला तिथे रात्र असते, त्यामुळे तिची बरीचशी शिफ्ट रात्री. तिथल्या कायद्याने रात्री १० ते सकाळी ६ मधल्या कामाला किमान १० टक्के जादा द्यावे लागतात. पहिल्या तीन महिन्यांच्या स्लिपवर ते नव्हते. का, तर आम्ही ऑनबोर्डिंगच्या फॉर्ममध्ये शिफ्टची वेळ आमच्या टाइमझोनमध्ये लिहिली होती आणि त्यांनी ती तशीच दिवसपाळी म्हणून घेतली. चूक दोघांची. तिने ते फार संकोचत सांगितलं, नवीन नोकरी आहे, पैशाबद्दल कसं बोलायचं असं तिला वाटत होतं. तीन महिन्यांची थकबाकी एकरकमी दिली. तेव्हापासून मी तिला दर महिन्याला स्वतःहून विचारतो, स्लिप नीट आहे ना, काही राहिलंय का. दूर बसलेला माणूस आपणहून बोलेल अशी वाट बघत बसू नका.

आणि आता तो डिसेंबर. फिलिपिन्समध्ये १९७५ च्या कायद्यापासून तेरावा पगार सक्तीचा आहे, वर्षभरात मिळालेला बेसिक पगार भागिले १२, आणि तो २४ डिसेंबरच्या आत. ती फेब्रुवारीपासून असल्यामुळे एका पगाराचे बारापैकी अकरा भाग. पोर्तुगालचा ख्रिसमसचा पगार १५ डिसेंबरच्या आत, तोही त्याच हिशोबाने २,७५० युरो, वर सोशल सिक्युरिटी. हे सगळं अधिक तिघांचे नेहमीचे पगार असं एकच बिल नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येऊन पडलं. आम्हाला कायदा तोपर्यंत माहीत झाला होता, पण मला वाटत होतं की सर्व्हिस दर महिन्याच्या बिलात थोडं थोडं बाजूला काढतेय, कारण सुरुवातीच्या कोटेशनमध्ये महिन्याचा खर्च तसाच दाखवला होता. प्रत्यक्षात बिलात ते येत नव्हतं. त्या महिन्यात एका ग्राहकाचं पेमेंटही अडकलं होतं, आम्ही दोघा भागीदारांनी आपापले पगार थांबवले आणि बिल वेळेत भरलं. तिघांचेही पैसे तारखेच्या आत पोचले, ते पोचल्याचे मेसेज आले तेव्हा खरंच हलकं वाटलं. जानेवारीपासून मी स्वतःच वेगळ्या खात्यात दर महिन्याला बाराव्या हिश्श्याने टाकायला सुरुवात केलीय.

बिलाचं आणखी एक. ते आम्हाला आमच्या चलनात बिल करतात आणि रेट त्यांचा. मी तीन महिने तो युरोपियन सेंट्रल बँकेच्या त्या दिवशीच्या रेटशी ताडून बघितला, फरक दर वेळी दोन टक्क्यांच्या वर. फीच्या पानावर याचा उल्लेख नाही. विचारल्यावर युरोत बिल घ्यायचा पर्याय लगेच दिला, म्हणजे मागितलं तर मिळतं. डिपॉझिटही घेतात, ते परत कधी आणि कोणत्या रेटने मिळणार हे करारात लिहून घ्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. नोकरीचा करार ईओआरशी असल्यामुळे लिहिलेल्या कोडचा हक्क आधी त्यांच्याकडे जातो आणि मग आपल्याकडे येतो, दोन्ही टप्पे लेखी आहेत ना ते वकिलाला दाखवा. आणि ईओआर घेतलं म्हणजे त्या देशातल्या कंपनी टॅक्सची काळजी मिटली असं नाही, तिथला माणूस तुमच्या वतीने ग्राहकांशी करार पक्के करायला लागला तर तुमच्या धंद्याचं तिथे कायम ठिकाण आहे, म्हणून तिथेही टॅक्स भरा, असं टॅक्सवाले म्हणू शकतात. जर्मनीवालीला सेल्समध्ये घ्यायचा विचार आम्ही याच कारणाने थांबवला.

पुढचं असं ठरलंय की पोर्तुगाल आणि फिलिपिन्स याच सर्व्हिसकडे ठेवायचं. जर्मनीत असं दुसऱ्याच्या पेरोलवरून काम करून घेणं म्हणजे माणूस भाड्याने देणं धरतात, त्याला लायसन्स लागतं आणि एकाच ग्राहकाकडे साधारण १८ महिन्यांची मर्यादा आहे. सेल्सच्या माणसाने हे सांगितलं नव्हतं, मला नवव्या महिन्यात टेस्टरकडूनच कळलं. जुलैअखेर मुदत संपते. उपकंपनी न काढताही परदेशी कंपनीला तिथे मालक म्हणून नंबर काढता येतो आणि तिथल्या पेरोल ऑफिसकडून पगार करता येतो, त्याचा अर्ज आम्ही भरायला घेतलाय. तिने एकच विचारलं, नोकरी नव्याने सुरू झाली असं धरणार का. नव्या करारात रुजू तारीख गेल्या फेब्रुवारीचीच असेल आणि प्रोबेशन परत लागणार नाही, हे कालच तिला सही करून पाठवलं.