जुन्या टाइपरायटरसाठी पॉलिथिलीन फोम : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठ महिन्यांत मी 11 जुने टाइपरायटर लांबच्या पत्त्यांवर पाठवले आणि प्रत्येकासाठी 5 सेंटिमीटर जाडीचा पॉलिथिलीन फोम वापरला. त्यांपैकी 10 सुखरूप पोहोचले.

यापूर्वी मी बबल रॅपवर विसंबून असे, परंतु बारा-पंधरा किलोच्या यंत्राखाली त्याचे फुगे फुटतात आणि तळाशी नुसते पापुद्रे उरतात. थर्माकोल पहिला धक्का झेलतो, मात्र एकदा दबला की दबलेलाच राहतो. शिवाय त्याचे दाणे टाइपबारच्या, म्हणजे कागदावर अक्षर उमटवणाऱ्या दांड्यांच्या, खाचांत शिरले की चिमट्याने एकेक वेचावे लागतात. पॉलिथिलीन फोम धक्क्यानंतर बराचसा पूर्ववत होतो. विटा भरलेले खोके मी कमरेच्या उंचीवरून पाच वेळा टाकून पाहिले, तेव्हा कोपऱ्यातल्या फोमवर फक्त उथळ खूण राहिली.

जो टाइपरायटर मोडला, त्याच्या खोक्याचा एकही कोपरा चेपलेला नव्हता. आत मात्र सैल झालेल्या दोरीतून सुटून कॅरेज (रोलरसह डावीउजवीकडे सरकणारा वरचा भाग) टोकाला आदळली होती, रोलरचा नॉब तुटला होता आणि दांडा वाकला होता. चूक माझीच होती, कारण कॅरेज मी एकाच बाजूने बांधली होती. बाहेरचा फोम कितीही चांगला असला तरी आतला हलता भाग तो धरून ठेवू शकत नाही. आता मी कॅरेज मधोमध आणतो, दोन्ही मार्जिन स्टॉप (कॅरेज कुठे थांबावी हे ठरवणारे खटके) तिच्यालगत सरकवतो आणि सुती नाडीने ती दोन्हीकडून सांगाड्याला बांधतो. चिकटपट्टी तर अजिबात लावत नाही, कारण ती काढताना यंत्रावर रंगवलेली सोनेरी अक्षरेही निघून येतात. जुन्या काळ्या रंगावर प्लॅस्टिकचा ठसा उमटू शकतो, म्हणून आधी मऊ सुती कापड गुंडाळतो. मग पुठ्ठ्याची दोन खोकी, आतले पाच पदरी, बाहेरचे सात पदरी आणि दोहोंच्या मध्ये सहाही बाजूंनी फोम.

एक उणीव मला खरोखर जाणवली. पाचेक किलोच्या पोर्टेबल टाइपरायटरला हा फोम फार कडक पडतो. तेवढ्या वजनाने तो दबतच नाही आणि धक्का थेट यंत्रापर्यंत जातो. अशा वेळी मी अखंड पाटीऐवजी कोपऱ्यांखाली अरुंद पट्ट्या ठेवतो. खोके बंद केल्यावर ते दोन्ही हातांनी हलवून कान देतो, आणि आतून बारीकसा जरी खडखडाट आला तरी सगळे उघडून पुन्हा बांधतो.