मॅलएव्ही: आठ महिने रोज वापरल्यानंतर

पक्ष्यांच्या हिवतापावर काम करणाऱ्यांना मॅलएव्ही नवीन नाही. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने २००९ मध्ये हा पक्ष्यांच्या हिवताप-परजीवींच्या जनुकीय नोंदींचा डेटाबेस आला. वापरायला फुकट आहे. पक्ष्याच्या रक्तातून परजीवीच्या सायटोक्रोम बी जनुकाचा डीएनएच्या ४७९ अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि तिथे जुळवून बघायचा. एका अक्षराचा फरक पडला तरी वंशरेषा, म्हणजे परजीवीचा जनुकीय प्रकार, वेगळी धरतात. वंशरेषांची नावं आधी डोक्यावरून जातात, मग सवय होते. जीआरडब्ल्यू४ मधलं जीआरडब्ल्यू म्हणजे ग्रेट रीड वॉर्बलर हा पक्षी.

मी सगळ्यात जास्त उघडते तो तक्ता वेगळाच. कुठली वंशरेषा म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखलेली कुठली प्रजाती, हे त्यात आहे. वंशरेषा हजारो, पण असं लग्न लागलेल्या थोड्याच. एसजीएस१ आणि जीआरडब्ल्यू११ मध्ये एकाच अक्षराचा फरक, दोन्ही प्लास्मोडियम रेलिक्टम या एकाच प्रजातीच्या. हवाईतल्या पक्ष्यांचा घात करणारी जीआरडब्ल्यू४ त्यांच्यापासून बरीच लांब, तरी तीही रेलिक्टमच. उलट हिमोप्रोटियस या दुसऱ्या रक्तपरजीवी गटातल्या मिन्युटस आणि पॅलिडस या प्रजातींत एक टक्काही फरक नाही, पण रक्ताच्या काचपट्टीवर दोघं स्पष्ट वेगळे दिसतात. माझा पहिला तक्ता मी ‘इतके टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती’ या हिशोबाने केला होता. तो पूर्ण मोडून परत करावा लागला.

खरा धडा एका कबुतराने दिला. अनुक्रम, म्हणजे डीएनएच्या अक्षरांची ओळ, स्वच्छ आला, हिमोप्रोटियस कोलुंबीशी तंतोतंत जुळला. काचपट्टीवरही तेच: तांबड्या पेशीच्या केंद्रकाला वेढून बसलेला गॅमेटोसाइट (चावणाऱ्या कीटकात जायला तयार असलेली परजीवीची अवस्था), आत तपकिरी रंगद्रव्याचे कण. तरी भिंगातून एका वेळी दिसणारी शंभर क्षेत्रं मोजायची म्हणून तेलाच्या भिंगाखाली हजारपट मोठं करून बघत राहिले. एका पेशीत केंद्रक कडेला ढकललेलं आणि विभागणाऱ्या परजीवीचा पुंजका दिसला. हिमोप्रोटियस फिरत्या रक्तात विभागत नाही. म्हणजे सोबत प्लास्मोडियमही होता आणि पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या पद्धतीने) एकालाच उचललं होतं. अशा पक्ष्यावरून अनुक्रमाला प्रजातीचं नाव द्यायचं नाही, एकच संसर्ग असलेला पक्षी शोधायचा.

डेटाबेसमधल्या यजमान पक्ष्यांच्या याद्याही जपूनच वाचाव्यात. पीसीआरला डीएनए सापडला म्हणून परजीवी त्या पक्ष्यात पूर्ण वाढतो असं नाही. रक्तात गॅमेटोसाइट दिसले तरच ते म्हणता येतं. रोनाल्ड रॉस यांनी १८९८ मध्ये कोलकात्यात डासांमार्फत चिमण्यांना हिवताप होतो हे दाखवलं, तेही सूक्ष्मदर्शकाच्याच जोरावर.

पावसाळ्यात एका ठिकाणाहून आलेल्या माझ्या चाळीस पट्ट्या वाया गेल्या. दमट हवेत रक्त हळू वाळलं, पेशी फुटल्या. अनुक्रम मिळाले, पण प्रजातीची ओळख पटवायला हाती काही उरलं नाही. त्या वंशरेषा अजून नुसत्या क्रमांकावरच आहेत. आता पक्षी पकडायला जाताना पिशवीत बॅटरीवरचा छोटा पंखा असतो. पट्टी त्याच्यापुढे लगेच वाळवते आणि त्याच दिवशी मिथेनॉलमध्ये बुडवते.