विंडोज टर्मिनलचं ‘ओपन इन टर्मिनल’: फोल्डरवर काम असेल तर वापराच

सोलापुरात आमचं चादर-टॉवेलच्या डिझाईन फोटोंचं काम आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या प्रत्येक पार्टीचा वेगळा फोल्डर, आणि ते फोटो कस्टमरला पाठवायला छोटे करायचे तर इमेजमॅजिकची (कमांड टाइप करून फोटो बदलायचा प्रोग्रॅम) एक ओळ बास होते. पण त्यातली मॉग्रिफाय कमांड साइज कमी करताना मूळ फाईलवरच लिहिते, वेगळी कॉपी ठेवत नाही, म्हणजे भलत्याच फोल्डरात चालली की तिथले ओरिजिनल गेलेच म्हणून समजा.

त्यामुळं टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची विंडो, थेट हव्या त्या फोल्डरात उघडणारा विंडोज ११ मधला हा ऑप्शन मला लई मोलाचा वाटतो. फोल्डर उघडा, मोकळ्या जागेवर राइट क्लिक, ‘ओपन इन टर्मिनल’, झालं. सीडी (फोल्डर बदलायची कमांड) टाइप करा, डी ड्राइव्हवर जायचं तर स्लॅश डी लावा, पार्टीच्या नावात स्पेस आहे म्हणून कोट्स लावा, हे काहीच नको, नवीन पोरगं कामाला आलं तरी त्याला लगेच जमतं.

विंडोज १० वाल्यांनी शिफ्ट दाबून राइट क्लिक करा, पॉवरशेल (विंडोजचा कमांड चालवायचा प्रोग्रॅम) त्याच फोल्डरात उघडतं. किंवा वरच्या अॅड्रेस बारमध्ये सीएमडी (विंडोजचा जुना कमांड प्रोग्रॅम) टाइप करून एंटर, हे दोन्हीकडं चालतं आणि माउसपेक्षा फास्ट आहे. टर्मिनल पण असंच उघडायचं असेल तर नुसतं डब्ल्यूटी (टर्मिनलचं छोटं नाव) लिहून भागत नाही हं, ते बहुतेक यूजर फोल्डरातच जातं, पुढं स्पेस, डॅश डी, स्पेस आणि टिंब द्यायचं.

दरवेळी नवीन विंडो उघडते त्याचा त्रास होतो, पण सेटिंग्जच्या स्टार्टअपमध्ये आधीच्याच विंडोत टॅब उघडायचं निवडता येतं, ते आधी करून घ्या. अॅप फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २०२० मध्ये पहिलं पक्कं व्हर्जन आलं.

माझ्याकडनं पाचपैकी चार स्टार. एक कापला तो नेटवर्कवरच्या फोल्डरसाठी, आणि हे नीट वाचा: डबल बॅकस्लॅशनं सुरू होणाऱ्या पाथवर (फोल्डरच्या पत्त्यावर) सीएमडी थांबतच नाही, एक वॉर्निंग देऊन सरळ विंडोजच्या फोल्डरात जाऊन बसतं. टर्मिनलचं डिफॉल्ट प्रोफाइल, म्हणजे त्यात आपोआप सुरू होणारा प्रोग्रॅम, पॉवरशेल ठेवा, त्याला असे पाथ चालतात, नाहीतर त्या नेटवर्क फोल्डरला ड्राइव्ह लेटर (डी ड्राइव्हसारखं अक्षर) देऊन टाका.