मे महिन्यात जळगावात उणे चाळीस

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलाय आणि गॅरेजवाला स्कॅनर पुढे धरून बिघाडाचा कोड वाचून दाखवतोय, अशी वेळ आली तर आधी त्या पडद्याचा फोटो काढून घ्या. स्कॅनर सहसा खोटं बोलत नाही. पण तो कोड आला कसा आणि त्यावरून कुठला पार्ट बदलायचा, हातचलाखी होते ती इथे. माझ्यासोबत झाली ती जळगावच्या अलीकडे हायवेवरच्या एका गॅरेजात. नाव लिहीत नाही. ही युक्ती त्या एकट्याची नाही, त्यामुळे नावापेक्षा युक्ती कळलेली बरी.

गाडी पेट्रोलची, २०१८ ची. धुळ्याहून येताना पारोळा सोडल्यावर दिवा लागला. गाडी पळत नीट होती, फक्त उभी राहिली की थरथरायची. दिवा स्थिर होता, लुकलुकत नव्हता. हा फरक लक्षात असू द्या: दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय, म्हणजे आत पेट्रोल नीट पेटत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळू शकतं. तेव्हा गाडी बाजूला घेऊन बंद करायची, पुढे रेटायची नाही. स्थिर दिव्यावर, बाकी लक्षणं ठीक असतील, तर सावकाश घरापर्यंत जाता येतं.

गॅरेजात मला कूलरसमोर बसवलं, चहा दिला, गाडी आतल्या शेडमध्ये गेली. मग बोलावणं आलं. "या भाऊ, आपल्या डोळ्यांनी पाहून घ्या." पडद्यावर तीन कोड. एक पी०१७१, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. दुसरा पी०११३, आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा. तिसरा हवेच्या दाबाचा. त्याने बोटाने दाखवलं, हवेचं तापमान उणे ४० अंश. "सेन्सर मेला भो. काहीच्या काही दाखवून राहिला. म्हणून तर ऑक्सिजन सेन्सरबी गेला, कॉम्प्युटरबी कन्फ्यूज." मी तो पडदा मोबाइलमध्ये टिपला, तो मेहुण्याला व्हॉट्सअॅपवर पाठवायचा म्हणून. बाहेर ४४ अंशांचं ऊन आणि गाडीला वाटतंय बर्फ पडतोय. मेहुणा हसेल म्हणून.

बिल झालं १४,२०० रुपये. हवेच्या दाबाचा सेन्सर, धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर आणि "ईसीयू प्रोग्रॅमिंग", ईसीयू म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर. पैसे यूपीआयने दिले, हातात मिळाली ती साधी चिठ्ठी. जुने पार्ट मागितले तर "ते कंपनीला परत पाठवावे लागतात" असं उत्तर. दिवा विझलेला होता.

आठवड्याच्या आत तो पुन्हा लागला.

भाचा आयटीआयला मोटार मेकॅनिक शिकतो. त्याच्याकडे सातशे-आठशे रुपयांत येणारा ब्लूटूथचा ओबीडी रीडर, म्हणजे गाडीचे कोड वाचणारं छोटं यंत्र, आहे. स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर, सोळा छिद्रांचं एक पोर्ट असतं. गाड्यांच्या धुराचे नियम, एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६, लागू झाले. त्या काळातल्या गाड्यांत हे पोर्ट मिळतंच. रीडर त्यात खोचायचा, चावी ऑन करायची, मोबाइलवर अॅप उघडायचं. कोड निघाला एकच, पी०१७१. बाकीचे दोन गायब.

मी त्याला गॅरेजातला फोटो दाखवला. तो आधी हसला आणि मग गप्प झाला. "मामा, उणे चाळीस म्हणजे सेन्सर मेलेला असू शकतो, नाहीतर त्याचा प्लग काढलेला. तार तुटली किंवा प्लग निघाला की कॉम्प्युटर हाच आकडा धरतो." आपल्या गाडीत हवेचा दाब आणि तापमान एकाच सेन्सरमध्ये, एकाच प्लगवर आहेत. त्याने बोनेट उघडून तो प्लग काढला, चावी फिरवली, पुन्हा स्कॅन केलं. तेच दोन कोड, तेच उणे ४०. प्लग लावून कोड पुसले, आकडा ताळ्यावर.

आणि तो सेन्सर जुनाच होता. अंगावर छापलेली तारीख २०१८ ची, स्क्रूच्या खाचेत वर्षांची धूळ. ऑक्सिजन सेन्सरच्या षटकोनावर गंज, पाना लागल्याची एक खूण नाही. नवा सेन्सर बसवला तर आट्यांपाशी काहीतरी चमकायला नको का? मी शेतीच्या औषधांचं दुकान चालवतो, डुप्लिकेट बाटलीचं सील नजरेने ओळखतो. इथे मात्र डुप्लिकेटही नव्हतं, काहीच बसवलेलं नव्हतं. माणसाला चहा पाजायचा, तोवर प्लग काढून दोन कोड उभे करायचे, घाबरवायचं, प्लग लावायचा, कोड पुसायचे. दिवा विझला की गिऱ्हाईक खूश.

दिवा विझणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे मला भाच्याने तेव्हा समजावलं. कोड पुसला की दिवा लगेच जातो, पण गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही शून्यावर येतात. बिघाड तसाच असेल तर काही फेऱ्यांत कॉम्प्युटर तो पुन्हा पकडतो. पुष्कळ अॅपमध्ये "कोड पुसल्यापासून किती किलोमीटर" हाही आकडा दिसतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर तो आधी पाहावा.

मूळ बिघाड कुठे होता? अॅपमध्ये फ्युएल ट्रिम नावाचे आकडे दिसतात. कॉम्प्युटर नेहमीपेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय ते त्यात कळतं. साधारण दहा टक्के कमी-जास्त चालतं. आमच्या गाडीत उभ्या इंजिनाला तो वीसच्या वर, आणि रेस देऊन अडीच हजार आरपीएमला धरली की पाच-सहावर. भाचा म्हणाला, हे लक्षण हवा गळतीचं. उभ्या इंजिनात आत खेच जास्त असते, त्यामुळे छोटी फटही मोठी ठरते. रेसमध्ये एकूण हवाच इतकी असते की ती फट जाणवत नाही. इंजेक्टर किंवा पेट्रोल पंप कमजोर असता तर सहसा उलटं दिसतं, जोर मागितला की आकडा वाढतो.

मग एकेक रबरी पाइप पकडीने हलकेच दाबत गेलो. इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डला जाणारा ब्रीदरचा पाइप दाबला आणि थरथर थांबली. खालच्या बाजूने उकलला होता, वरून दिसत नव्हता. खान्देशात रबर लवकर कडक होतं, त्यात नवल नाही. नवा पाइप दोनशे रुपयांच्या आत आला. ट्रिम दोन-तीनवर, दिवा नंतर लागलेला नाही. काही जण गळती शोधायला कार्ब्युरेटर क्लीनर फवारतात. तापलेल्या इंजिनावर तो पेट घेऊ शकतो, आम्ही टाळला.

कोड पी०४२० असेल तर आणखी एक सावधगिरी. तो कन्व्हर्टरकडे बोट दाखवतो, पण त्याच्या पुढे धुराच्या पाइपातली गळती किंवा त्याच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर हेही कारण असू शकतं. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारात त्याला चांगला भाव येतो. बदलायचाच झाला तर जुना सोडून येऊ नका, किंवा त्याची किंमत बिलातून वळती करायला लावा.

गॅरेजात परत गेलो तर आधी "तुम्ही बाहेर उघडली, आता वॉरंटी नाही". मी फोटो, भाच्याने घेतलेला व्हिडिओ आणि सेन्सरवरची तारीख, तिन्ही मोबाइलवर काउंटरवर ठेवले. आवाज न चढवता सांगितलं की पक्कं बिल न देणं हाच ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. त्याने सात हजार परत केले. उरलेल्यांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाचा अर्ज भाचा टाइप करतोय. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची. पक्कं बिल नाही, पण यूपीआयची नोंद आहे, चिठ्ठी आहे आणि तो उणे ४० चा फोटो आहे.