‘महिन्याला फक्त दोनशे’ म्हणून गळ्यात मारलेला वर्षाचा करार

कार्यालयासाठी गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ (कार्यालयाची ईमेल आणि फायलींची कामं सांभाळणाऱ्या वर्गणीच्या सेवा) घेणारा लहान व्यावसायिक सहसा थेट कंपनीकडे जात नाही. वेबसाइट करून देणारा, संगणक दुरुस्त करणारा किंवा फोनवर पिच्छा पुरवणारा एखादा रीसेलर, म्हणजे कंपनीची सेवा पुढे विकणारा मध्यस्थ, असतो. रीसेलर असणं वाईट नाही. ऐन रिटर्न भरायच्या दिवशी मेल अडकली तर चांगला रीसेलर फोन उचलतो, आणि त्याचं मोल आहेच. पण फसलेल्या कार्यालयांची कोटेशनं आणि बिलं शेजारी ठेवून पाहिली, तर घोळ दरात क्वचितच असतो. करार किती महिन्यांचा आणि ॲडमिन, म्हणजे सगळ्या खात्यांवर ताबा असलेला, कोण, या दोन ठिकाणी तो असतो.

नेहमीचा प्रकार असा. कार्यालयात बारा माणसं. फोनवर सांगतात, "सर, माणशी महिन्याला फक्त दोनशे रुपये, नको असेल तेव्हा बंद करा." कोटेशनवरही ‘माणशी दरमहा’ एवढंच. दर हिशेबापुरता धरू: १२ गुणिले २०० म्हणजे २,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी ४३२, एकूण २,८३२ रुपये महिना. चार महिन्यांनी चार जण नोकरी सोडतात आणि मालक खाती कमी करायला सांगतात. तेव्हा कळतं की ती कमी होत नाहीत. घेतलेला प्लॅन वर्षाच्या कराराचा होता, फक्त हप्ता महिन्याचा. उरलेल्या आठ महिन्यांचे, चार रिकाम्या खात्यांचे ६,४०० आणि कर १,१५२, असे ७,५५२ रुपये भरावेच लागतात.

दोन्ही कंपन्यांकडे हे नियम उघड आहेत. गूगलचा फ्लेक्झिबल प्लॅन दरमहा खाती वाढवू-कमी करू देतो, पण त्याचा दर जास्त असतो. ॲन्युअल किंवा फिक्स्ड-टर्म प्लॅनमध्ये खाती मध्येच वाढवता येतात, कमी करता येतात ती फक्त नूतनीकरणाच्या वेळी. मायक्रोसॉफ्टमध्येही तसंच, खरेदीनंतर सात दिवसांच्या आत रद्द केलं किंवा खाती कमी केली तर पैसे परत मिळतात, आठव्या दिवशी मुदत संपेपर्यंत अडकलात. महिन्याच्या कराराचा दर वर्षाच्या करारापेक्षा साधारण वीस टक्के जास्त असतो. फसवणारा दर वर्षाच्या कराराचा सांगतो आणि मुभा महिन्याच्या कराराची सांगतो. माणसं येत-जात असतील तर जास्त दराचा मासिक करारच शेवटी स्वस्त पडतो. कायमच्या पाच-सात जणांसाठी वार्षिक आणि हंगामी माणसांसाठी मासिक, अशी विभागणी मायक्रोसॉफ्टमध्ये करता येते.

आता खात्यांची संख्या. बारा माणसांच्या कार्यालयाला सोळा खाती विकली जातात, कारण इन्फो, सेल्स, अकाउंट्स आणि एचआर या पत्त्यांचीही वेगळी खाती मोजलेली असतात. खरं तर अशा पत्त्यांसाठी वेगळे पैसे भरावे लागत नाहीत. गूगलमध्ये एका खात्याला तीसपर्यंत पर्यायी पत्ते, म्हणजे अलियास, फुकट जोडता येतात. तीन-चार जणांनी एकच पत्ता पाहायचा असेल तर ग्रुप करावा, तोही फुकट. मायक्रोसॉफ्टमध्ये त्यासाठी शेअर्ड मेलबॉक्स आहे. पन्नास जीबीपर्यंत त्याला वेगळं लायसन्स लागत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत आणखी एक चटका बसतो. ‘ऑफिससकट’ म्हणून बिझनेस बेसिक विकतात. त्यात वर्ड-एक्सेल आहे, पण ब्राउझरमधलं आणि मोबाइलवरचं. संगणकावर उतरवून घ्यायचं एक्सेल हवं तर बिझनेस स्टँडर्ड लागतो. ज्यांच्या पगारपत्रकाच्या फायली मॅक्रोवर (एक्सेलमधल्या आपोआप काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर) चालतात, त्यांचं काम पहिल्याच दिवशी अडतं, कारण ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये ते मॅक्रो चालत नाहीत. सगळ्यांना स्टँडर्ड घ्यायची गरज मात्र नसते. ज्यांना फक्त मेल पाहायची आहे त्यांना बेसिक पुरतो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते ॲडमिनच्या जागी. सेटअप करताना रीसेलर स्वतःच्या पत्त्यावर सुपर ॲडमिन, म्हणजे सगळे अधिकार असलेलं, खातं उघडतो आणि मालकाला साधं वापरकर्ता खातं देतो. मेल सुरू होते, सगळे खूश. वर्षाने दर दीडपट होतो आणि मालक दुसरीकडे जायचं म्हणतात, तेव्हा फोन उचलला जात नाही. गूगलमध्ये एका रीसेलरकडून दुसऱ्याकडे किंवा थेट कंपनीकडे जायचं तर ट्रान्सफर टोकन, म्हणजे एक कोड, लागतं, आणि ते फक्त ॲडमिनच काढू शकतो. किल्ली ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याच खिशात. त्यातून डोमेनही (ईमेल पत्त्यातलं @ नंतरचं नाव) त्याने स्वतःच्या नावावर घेतलेलं असेल, तर व्हिजिटिंग कार्डावर छापलेला पत्तासुद्धा तुमचा राहत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर आणि त्या डोमेनबाहेरच्या एखाद्या ईमेलवर घ्या. गूगलमध्ये सुपर ॲडमिन आणि मायक्रोसॉफ्टमध्ये ग्लोबल ॲडमिन मालकाचं खातं असावं. शक्यतो अशी खाती दोन माणसांची असावीत, म्हणजे एकाचा फोन हरवला तरी दार बंद होत नाही. रीसेलरला लागेल तेवढाच अधिकार द्या. तपासायला दोन मिनिटं लागतात: गूगलच्या ॲडमिन कन्सोलमध्ये ‘अकाउंट’, त्यात ‘ॲडमिन रोल्स’ उघडा आणि सुपर ॲडमिनखाली कोणाची नावं आहेत ती वाचा. मायक्रोसॉफ्टच्या ॲडमिन सेंटरमध्ये सेटिंग्जखाली ‘पार्टनर रिलेशनशिप्स’ हे पान असतं. तिथून रीसेलरचे अधिकार काढताही येतात.

आणि एक मेल पाठवा. फोनवरचं बोलणं नंतर कोणी कबूल करत नाही. मेल एवढीच पुरे: "प्लॅनचं पूर्ण नाव, कराराची मुदत, खात्यांची संख्या, मध्येच खाती कमी करता येतील का, नूतनीकरणाची तारीख आणि तेव्हाचा दर, जीएसटीसह एकूण रक्कम, सुपर ॲडमिनचा ईमेल पत्ता कळवावा." उत्तर टाळणाऱ्याकडून घेऊ नका. त्याचा जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकून नाव जुळतं का पाहा आणि बिलावर तुमचाही क्रमांक छापून घ्या, नाहीतर भरलेल्या १८ टक्क्यांची वजावट मिळत नाही.

‘आजीवन मायक्रोसॉफ्ट ३६५, पाचशे रुपयांत’ या जाहिरातींपासून पूर्ण लांब राहा. मायक्रोसॉफ्ट ३६५ आजीवन मिळतच नाही. जे खातं देतात ते दुसऱ्याच कोणाच्या संस्थेतलं असतं, आणि तिथला ॲडमिन पासवर्ड बदलू शकतो, तुमच्या वनड्राइव्हमधल्या (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीतल्या) फायली उघडू शकतो. ज्यांना एकदाच पैसे भरायचे आहेत त्यांच्यासाठी ऑफिस २०२४ ची एका संगणकापुरती आवृत्ती आहे.

आधीच अडकला असाल तर कार्डाचं ऑटो-पे बंद करून मोकळे झालो असं समजू नका. त्याने फक्त पैसे जायचे थांबतात, करार चालू राहतो आणि खाती बंद पडतात. आधी डेटा बाहेर काढा. प्रत्येकाने आपापल्या खात्यातून गूगल टेकआउट चालवलं की मेल आणि ड्राइव्ह उतरवता येतं. डोमेन तुमच्या हातात असेल तर ॲडमिनचा ताबा परत मिळवता येतो: गूगलच्या रिकव्हरी पानावर दिलेली नोंद डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या तांत्रिक नोंदींत) घालून मालकी सिद्ध करावी लागते. खोटं सांगून ऑनलाइन पैसे उकळले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेणारा ‘ग्राहक’ धरला जात नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे, सेवांचा उल्लेख त्या सवलतीत नाही. तरी एकट्याने काम करणाऱ्या डिझायनरने किंवा शिकवण्या घेणाऱ्याने तक्रारीच्या पहिल्याच ओळीत तसं लिहावं.