भट्टीत न गेलेल्या जॉबचा चार्ट

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रबाळे एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशन आणि मशीनिंगचं लहान युनिट आहे. जाड एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटा वेल्ड करून आम्ही मशीनचे बेस बनवतो. मशीनिंगआधी ते स्ट्रेस रिलीव्हिंगला बाहेर पाठवावे लागतात. वेल्डिंगने आत अडकलेला ताण भट्टीत ६०० ते ६५० अंशांना सुटतो. जाडीच्या दर २५ मिमीला साधारण एक तास सोकिंग द्यायचं, म्हणजे त्याच तापमानाला धरून ठेवायचं, आणि मग जॉब भट्टीतच सावकाश निवू द्यायचा. यात भट्टी तासन्‌तास अडकून राहते आणि विजेचं बिल चढतं. चोरी होते ती इथेच.

याच पट्ट्यातल्या एका जॉबवर्कवाल्याकडे आमचं काम जायचं. सुरुवातीचे लॉट चोख आले. नंतरच्या एका लॉटमधला बेस प्लॅनो मिलरवर (मोठे जॉब सपाट कापणारं मशीन) फिनिश झाला, सपाटी मोजणाऱ्या डायलला बरोबर लागला, आणि क्लॅम्प सोडताच पिळला. क्लॅम्पिंग तपासलं, कटरही बदलून पाहिला. शेवटी आमच्या फिटरने बेस उलटा केला आणि म्हणाला, "शेठ, हे बघा." पेंट मार्करने लिहिलेला जॉब नंबर पिवळाधमक, जसाच्या तसा होता. सहाशे अंशांत तो रंग टिकतच नाही, जळून जातो. प्लेटवर स्केलही, म्हणजे तापल्यावर धरणारी पापडी, नव्हती.

आमच्या हातात मात्र सही-शिक्क्यासकट तापमानाचा चार्ट होता. तो आणि आधीच्या लॉटचा चार्ट एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. रेघेवर रेघ बसली. मध्ये वीज गेल्यावर तापमान किंचित खाली येतं, तो खड्डासुद्धा त्याच मिनिटाला. बदलली होती फक्त तारीख.

मालकाला विचारलं, तर म्हणाला, "भट्टी तीच आहे साहेब, ग्राफ सारखाच येणार." हे साफ खोटं आहे. लॉटचं वजन बदललं की तापायला लागणारा वेळ बदलतो, आणि वीज काही दोन्ही दिवशी त्याच मिनिटाला जात नाही. त्याने बिल सोडलं. मशीनिंगचा खर्च आणि चुकलेली डिलिव्हरी आमच्याच माथी बसली.

फुल ॲनीलिंगमध्ये अशी लबाडी हार्डनेस तपासून पकडता येते, कारण माल मऊ पडतो. साध्या एमएसच्या स्ट्रेस रिलीव्हिंगमध्ये हार्डनेस फारशी बदलत नाही, म्हणून टेस्टिंग करूनही हाती काही लागत नाही. हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

आता आम्ही प्रत्येक लॉटबरोबर ईएन ८ चा (मध्यम कार्बनचं पोलाद) पाणी दिलेला, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केलेला, एक तुकडा बेसला तारेने बांधून पाठवतो. जाताना तो ५० एचआरसीच्या (हार्डनेसचं माप) वर असतो. खरोखर सहाशे अंश बसले असतील तर तिशीच्या खाली येतो. थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) भट्टीच्या भिंतीला न लावता जॉबलाच लावायचा, हे चलनावर लिहून देतो. आणि गाडी आत गेल्याची व बाहेर आल्याची वेळ गेटवर नोंदवून घेतो. ५० मिमीच्या प्लेटला सोकिंगच दोन तास लागतं. तापवणं आणि भट्टीत निवणं धरलं, तर दुपारी गेलेला माल संध्याकाळी परत येऊच शकत नाही.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात ज्यांचे जॉब बाहेर भट्टीला जातात, त्यांनी जुन्या फायलींतले चार्ट आजच काढून एकमेकांवर ठेवून बघावेत. प्रेशर व्हेसलचं, म्हणजे दाबाखाली चालणाऱ्या टाकीचं, काम असेल तर आधी तेच बघा. आमचा नुसता बेस पिळला, तिथे माणसं उभी असतात.